तुकडेबंदी कायद्यात जुलै २०२५ मध्ये प्रस्तावित झालेली सवलत: सर्वांना दोन-दोन गुंठे दिले, तर रस्त्याला जमीन कुठली?

चतुःसीमा (धागालेखक)

महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ९ जुलै २०२५ रोजी विधानसभेत तुकडेबंदी कायदा, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान जमीन वेगळी करून विकण्यास बंदी घालणारा कायदा, शिथिल करण्याची घोषणा केली आणि त्या संध्याकाळपासून आमच्या वस्तीत दुसरा विषय नाही. १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले अगदी एक गुंठ्याइतके लहान तुकडेही नियमित करायचे, त्यासाठी अपर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने पंधरा दिवसांत कार्यपद्धती ठरवायची आणि याचा लाभ सुमारे ५० लाख कुटुंबांना होईल, असे सभागृहात सांगण्यात आले. मी त्या कुटुंबांपैकी एक आहे. मला आनंद झाला आहे आणि तो मी लपवत नाही. तरीही कायद्याची भाषा ठरण्याआधी एक गोष्ट बोलली गेली पाहिजे असे मला कळकळीने वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

तालुक्याच्या गावाला लागून असलेली बावीस गुंठे जमीन आम्ही अकरा जणांनी २०१६ मध्ये सामाईक खरेदी केली. प्रत्येकी दोन गुंठे असा हिशेब होता. स्वतंत्र दोन गुंठ्यांचा दस्त होत नव्हता, म्हणून अकरा नावे एकाच खरेदीखतावर आणि पुढे एकाच सातबाऱ्यावर आली. जमीनमालकाने फक्कीने रेघा मारून दिल्या आणि कोपऱ्यांवर दगड रोवले. त्या दगडांपलीकडे कोणाचा भाग कोणता, याचा कोणताही सरकारी कागद आजही अस्तित्वात नाही. दरम्यान तिघांचे निधन झाले, त्यांच्या वारसांची नावे लागली आणि आता उताऱ्यावर अठरा नावे आहेत. घर बांधण्यासाठी बँकेत गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी उतारा पाहून विचारले की, यातली तुमची जमीन नेमकी कोणती. मला उत्तर देता आले नाही.

घोषणेनंतरच्या रविवारी मी टेप घेऊन माझा भाग मोजला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यामुळे दोन गुंठ्यांचा तुकडा तेहतीस फूट बाय सहासष्ट फूट भरायला हवा. माझा भरला तेहतीस बाय अठ्ठावन्न. आमचे भाग समोरासमोरच्या दोन ओळींत आहेत आणि मधला रस्ता सोळा फुटांचा आहे, म्हणजे दोन्ही ओळींतील प्रत्येकाच्या वाट्यातून आठ-आठ फूट रस्त्यात गेले आहेत. यात फसवणूक झाली असे मी म्हणत नाही, कारण रस्ता तर हवाच होता. प्रश्न पुढचा आहे. उद्या कायदा बदलला आणि केवळ खरेदीखत पाहून प्रत्येकाच्या नावावर ०.०२ हेक्टर अशी स्वतंत्र नोंद झाली, तर अकरा जणांचे मिळून ०.२२ हेक्टर पूर्ण होते आणि रस्त्यासाठी उताऱ्यावर एक इंचही उरत नाही. मग पहिल्या भागाचा मालक आपले आठ फूट कुंपणात घेईल, आणि कागदावर त्याचेच बरोबर ठरेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, तुकडा नियमित करताना त्याची पोटहिस्सा मोजणी (मूळ जमिनीतील प्रत्येकाच्या भागाची सरकारी मोजणी) आणि त्याच्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याची स्वतंत्र नोंद या दोन्ही बाबी विधेयकातच बंधनकारक असाव्यात. आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

सनद

मी दिवाणी आणि महसुली प्रकरणे चालवतो. बातम्यांमध्ये ‘कायदा रद्द’ आणि ‘कायदा शिथिल’ हे शब्द सरमिसळ वापरले जात आहेत, त्यामुळे आधी कायदा काय आहे ते सांगतो.

मूळ अधिनियम १९४७ सालचा आहे. त्याची दोन अंगे आहेत: जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि विखुरलेल्या धारण जमिनींचे एकत्रीकरण. कलम ५ नुसार प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान जमीन ‘तुकडा’ मानली जाते ते किमान क्षेत्र, ठरते, कलम ७ तुकड्याच्या हस्तांतरणावर बंधन घालते, कलम ८ नवा तुकडा पाडण्यास मनाई करते आणि कलम ९ नुसार या तरतुदींविरुद्ध झालेला व्यवहार शून्य ठरतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केले. त्याआधी ते ठिकाणागणिक वेगवेगळे होते आणि जिरायतीत कित्येक ठिकाणी एकराच्या पुढे जात होते. २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने लहान क्षेत्राच्या हस्तांतरणाची वाटही मोकळी झाली.

आता माझी चिंता सांगतो. नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाने १२ जुलै २०२१ रोजी परिपत्रक काढून प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी जमिनीचे दस्त नोंदवू नयेत असे दुय्यम निबंधकांना कळवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक आणि त्यासोबत नोंदणी नियमांतील नियम ४४(१)(झ) रद्दबातल ठरवले. त्यानंतरही पक्षकारांना दुय्यम निबंधकांकडून कार्यालयागणिक वेगवेगळी उत्तरे मिळत राहिली. जे अधिनियमातून करायला हवे ते परिपत्रकातून करू पाहिले की असे होते. प्रस्तावित ‘कार्यपद्धती’ कितीही चांगली लिहिली, तरी कलम ७, ८ आणि ९ मूळ शब्दांत तसेच राहिले तर ती त्यांच्यापुढे टिकणार नाही. दुरुस्ती विधेयकच आले पाहिजे, आणि धागालेखकांचे मोजणीचे कलम त्यातच आले पाहिजे, या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

वेशीबाहेर

धागालेखकांच्या वेदनेविषयी मला आदर आहे, पण त्यांच्या मागणीशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो.

त्यांच्याकडे निदान नोंदणीकृत खरेदीखत आणि उताऱ्यावर नाव आहे. आमच्या वस्तीत साठ-सत्तर घरे आहेत आणि बहुतेकांच्या हाती नोटरी केलेले साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार), फार तर कुलमुखत्यारपत्र आहे. पैसे पूर्ण देऊन झाले, घर उभे राहिले, घरपट्टी आणि वीजबिल आमच्या नावावर येते, मुले तिथूनच शाळेत जातात. उताऱ्यावर मात्र अजून मूळ शेतकऱ्याचे नाव आहे. तो भला माणूस होता. त्याचा मुलगा प्रत्येक सहीचे वेगळे पैसे मागतो. आम्हाला आज नोंद हवी आहे. त्या नोंदीला आधी मोजणी, मग रस्ता, मग नकाशा अशा अटी जोडल्या, तर भूमी अभिलेख कार्यालयातील रांगेत आमची आणखी पाच वर्षे जातील आणि तोवर सहीचा भाव दुप्पट होईल. अटींचा फायदा नेहमी ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्यालाच होतो.

ओलावा

मी शेतकरी आहे आणि या वस्त्यांच्या शेजारी माझा ऊस उभा आहे. घोषणेवरील सगळ्या प्रतिक्रिया प्लॉटधारकांच्या येत आहेत, म्हणून बांधाच्या अलीकडची बाजू मांडतो.

शेजाऱ्याने त्याची दीड एकर गुंठ्या-गुंठ्याने विकली. त्याला मी दोष देत नाही. सलग दोन वर्षे विहीर आटल्यावर त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मात्र त्या दीड एकरात आता चाळीसच्या वर कुटुंबे राहतात, गटार नाही, सांडपाणी बांध ओलांडून माझ्या सरीत येते, आणि आमच्या दोघांच्या सामाईक पाटाचा मार्ग कोणाच्या तरी न्हाणीघराखाली गेला आहे. तक्रार कोणाविरुद्ध करायची, तर उताऱ्यावर अजून शेजाऱ्याचेच नाव. त्यामुळे हे तुकडे नियमित होऊन प्रत्येकाचे नाव लागावे असे मलाही वाटते, निदान बोलायला समोर माणूस असेल.

पण यातून शेतीचा आणखी तुकडा पडू नये. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. बंदीचा कायदा असतानाही हे झाले, कारण वारसाहक्काने होणारी वाटणी कोणताही कायदा थांबवू शकत नाही. तरीही घराचा प्लॉट आणि पिकाखालची जमीन यांना एकच मोजपट्टी लावता येणार नाही. पाच गुंठ्यांत घर नीट उभे राहते, पण पाच गुंठ्यांत नांगर वळवण्यातच जमीन जाते आणि मधे सोडलेले बांध धरले तर पेरायला काय उरते ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. विधेयकात ‘निवासी वापरात आलेला तुकडा’ अशी व्याख्या काटेकोर हवी. नाहीतर सवलत निवाऱ्यासाठी दिली जाईल आणि तिचा उपयोग उभ्या पिकात फक्कीच्या रेघा मारण्यासाठी होईल.

जुना दप्तरी

महसूल खात्यात तलाठी म्हणून रुजू झालो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. श्री. सनद यांनी अधिनियमाच्या दुसऱ्या अंगाचा उल्लेख केला, त्याच धाग्याला धरून लिहितो, कारण या चर्चेला लागू पडणारा सर्वांत मोठा धडा तिथेच आहे.

आज ज्याला आपण गट नंबर म्हणतो तो एकत्रीकरण योजनेतून आला. विखुरलेले सर्व्हे नंबर जुळवून सलग गट करायचे, अशी ती योजना होती. हेतू उत्तम होता. परंतु पुष्कळ गावांत कागदावर अदलाबदल झाली आणि जमिनीवर जो तो आपल्या जुन्या वहिवाटीतच राहिला. ‘अ’च्या नावावर ‘ब’ची जमीन आणि ‘ब’च्या ताब्यात ‘अ’ची, असे प्रकार घडले. मी नोकरीत असताना एकाच गटाची फाईल तीन पिढ्यांच्या नावांनी पुढे सरकताना पाहिली आहे. आजोबांनी अर्ज केला, मुलाने अपील केले, नातू तारखेला येत होता. अखेर शासनाला जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणावी लागली. बारा वर्षे एकमेकांच्या जमिनीचा ताबा असलेल्या शेतकऱ्यांना अदलाबदलीचा दस्त करण्यासाठी नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी, अशी ती सवलत आहे. कागद आणि जमीन यांची गाठ आधी घातली नाही, म्हणून ती पन्नास वर्षांनी घालावी लागते आहे.

श्री. वेशीबाहेर यांचा मुद्दा मात्र हलका नाही. मोजणीची प्रकरणे तुंबलेली असतात हे मी नाकारणार नाही. त्यावर मार्ग असा की, प्रत्येक तुकड्याचा वेगळा अर्ज घेऊच नये. संपूर्ण गट एकदम मोजावा. आता उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या रोव्हर यंत्रामुळे अचूक बिंदू घेता येतात, शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकाच दिवशी आपापल्या खुणा दाखवायच्या, सर्वांसमोर जागेवरच पंचनामा करायचा आणि पोटहिस्स्यांचा एकच नकाशा तयार करायचा. साठ घरांसाठी साठ खेपा घालण्यापेक्षा कर्मचाऱ्यांनाही ते सोपे जाते.

माहेरवाशीण

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, ती इथे अद्याप कोणी मांडलेली नाही.

वडिलांच्या पश्चात एक एकर जिरायत जमीन आम्हा चार भावंडांत आली, दोन भाऊ आणि दोन बहिणी. प्रत्येकाचा वाटा दहा गुंठे. प्रमाणभूत क्षेत्र वीस गुंठे असल्याने स्वतंत्र वाटप होऊ शकत नाही, असे घरात सांगितले गेले आणि त्याच बैठकीत हक्कसोडपत्राचा कागद आमच्यापुढे ठेवला गेला. “सरकारच परवानगी देत नाही, आम्ही काय करणार?” हे वाक्य मी तेव्हा ऐकले, आणि पुढे माझ्या दोन मैत्रिणींनीही आपापल्या घरी तेच ऐकल्याचे सांगितले. माझ्या बहिणीने सही केली. मी केली नाही, म्हणून तीन वर्षे राखीपौर्णिमेला माहेरी गेलेले नाही.

तुकडेबंदीने वाटपावर मर्यादा येते, वारसाहक्क संपत नाही, हे मला नंतर एका वकीलताईंनी समजावून सांगितले. जमीन प्रत्यक्ष वाटता येत नसेल तर वाट्याचा मोबदला मागता येतो. हे आधी माहीत असते तर बहिणीने सही केली नसती. नव्या विधेयकात प्लॉटधारकांची सोय होत असेल तर ती जरूर व्हावी, पण वाटपात ज्या वारसाला जमीन मिळू शकत नाही त्याला बाजारमूल्याने मोबदला मिळाल्याशिवाय फेरफार (उताऱ्यावरील नावाचा बदल) मंजूर होऊ नये, असे एक वाक्य त्यात आले तर माझ्यासारख्या अनेकींचा प्रश्न सुटेल.

सनद

ताई, आपण सही केली नाहीत हे योग्यच केले. आपल्या बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का आणि ते कोणत्या परिस्थितीत झाले, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण एकदा कागद घेऊन जवळच्या वकिलांना जरूर दाखवा. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो.

धाग्यातील मूळ चर्चेत एका बाबीची भर घालतो, ती म्हणजे मुदतीची तारीख. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले भूखंड नियमित करण्याचा, २००१ सालचा अधिनियम १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांसाठी होता, २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. तुकडेबंदीत २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून जुने तुकडे नियमित करण्याची सोय झाली, रक्कम जास्त असल्याने फार थोडे लोक पुढे आले, आणि २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली गेली. आता घोषणेत तारीख १ जानेवारी २०२५ दिली आहे. माझ्याकडे येणारे काही जमीन विक्रेते आजच विचारू लागले आहेत की, पुढची तारीख साधारण केव्हा येईल. प्रत्येक नवी तारीख ही आधीच्या तारखेनंतर नियम मोडणाऱ्याला दिलेली हमी ठरते. म्हणून १ जानेवारी २०२५ नंतरच्या तुकड्याची जबाबदारी घेणाऱ्यावर न टाकता, ज्याने तो पाडून विकला त्याच्यावर टाकावी. कलम ९ मधील दंड आजही जास्तीत जास्त अडीचशे रुपये आहे. एका गुंठ्याच्या व्यवहारात त्या रकमेचा धाक कोणालाही वाटत नाही.

वेशीबाहेर

श्री. जुना दप्तरी यांनी सुचवलेली संपूर्ण गटाची एकत्र मोजणी मला पटली. तशी तरतूद होणार असेल तर माझा विरोध राहत नाही. एकच विनंती आहे: मोजणी होईपर्यंत आमच्या ताब्याची तात्पुरती नोंद सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात तरी घ्यावी, म्हणजे मूळ मालकाच्या वारसांना तीच जमीन दुसऱ्याला विकता येणार नाही. आमच्या वस्तीत एका विधवा बाईंच्या बाबतीत ते घडले आहे. घर त्यांचे, आणि त्या घराखालची जमीन चार वर्षांपूर्वी नोंदणीकृत खरेदीखताने परस्पर तिसऱ्याच माणसाने घेतली. साठेखताची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या दर सोमवारी तहसील कचेरीत जातात.

चतुःसीमा (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. वेशीबाहेर यांनी लिहिलेली घटना वाचल्यावर माझ्या मूळ मागणीत मी बदल करतो. ताब्याची तात्पुरती नोंद आधी व्हावी, संपूर्ण गटाची मोजणी त्यानंतर ठरावीक मुदतीत व्हावी आणि अंतिम स्वतंत्र उतारा नकाशा तयार झाल्यावरच मिळावा, हा क्रम मला न्याय्य वाटतो. रस्त्याचे क्षेत्र वेगळा पोटहिस्सा म्हणून दाखवून त्यापुढे ‘सार्वजनिक वापराचा रस्ता’ अशी नोंद असावी, या मागणीवर मात्र मी ठाम आहे. त्यामुळे माझ्या उताऱ्यावर दोन गुंठ्यांऐवजी पावणेदोन गुंठे आले तरी चालतील.

माहेरवाशीण ताईंचे वाक्य आणि श्री. सनद यांनी मांडलेला विक्रेत्याच्या जबाबदारीचा मुद्दा मी निवेदनात त्यांच्याच शब्दांत घेत आहे. ‘ओलावा’ यांच्याकडून निवासी तुकड्याच्या व्याख्येचा मसुदा मिळाला तर तोही जोडतो. निवेदन महसूल विभागाकडे आणि आमच्या मतदारसंघाच्या आमदारांकडे जाईल.

येत्या रविवारी सकाळी उताऱ्यावरील अठराही जणांना जागेवर बोलावले आहे. कोपऱ्यावरच्या भागातील काकांनी फोनवर आधी नकार दिला होता, त्यांच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी रस्ता लागतो आणि त्यांचेच सर्वांत जास्त फूट जातात. काल ते स्वतः घरी आले आणि टेप कितीची आहे, असे विचारून गेले. माझ्याकडची पन्नास फुटांची आहे. शंभर फुटांची कोणाकडून तरी मागून आणावी लागेल.